आवकबाई आणि पायातला पत्ता

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या संस्थेत तिला सगळे आवकबाई म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच ते सुखाने नांदत होतं. आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारायचा, आवक क्रमांक घालायचा, रजिस्टरात नोंद करायची. बाहेर जाणाऱ्या कागदाला जावक क्रमांक द्यायचा. एकतीस वर्षं तिने हेच केलं. ऐकणाऱ्याला वाटेल, यात काय मोठंसं! पण एकतीस वर्षांत एकही कागद गहाळ झालेला नाही, असं छातीवर हात ठेवून सांगणारी दुसरी व्यक्ती कोणी दाखवावी.

संस्था दोन इमारतींची. पुढे कचेरी, मागे वर्कशॉप, मध्ये वीस पावलांचं अंगण. वर्कशॉपच्या मिस्त्रींकडे साधी मोजमापाची चिठ्ठी पाठवायची झाली तरी बाई तिला जावक क्रमांक देत. मिस्त्री चिडवत, "बाई, मी काय परदेशात राहतो?" बाई म्हणत, "कागद माझ्या टेबलावरून उठला की तो बाहेर गेला. मग वीस पावलं जाओ नाहीतर वीस गावं." मिस्त्री हसून सही करत. ही सवय पुढे बाईंना चांगलीच महागात पडली.

बारा वर्षांपूर्वी संस्थेला ई-मेलचा पत्ता मिळाला तेव्हा बाईंनीच एक गोष्ट सुचवली होती. पाय घेऊन गेलेला माणूस घर बदलतो, गाव बदलतो, त्याचे कागद हरवतात; पाय काही हरवत नाही. तेव्हा संस्थेचा पत्ता पायातच घाला. मिस्त्रींना ते पटलं. मांडी जिथे बसते त्या वाटीच्या आतल्या काठाला, प्लॅस्टिकच्या शेवटच्या थराखाली, पत्त्याची पट्टी कायमची बसवायची असं ठरलं. पट्ट्या बाईंनी स्वतः टाइप केल्या. असे दोन हजार तीनशे पाय ठिकठिकाणी चालत होते, आणि प्रत्येकात बाईंनी लिहिलेला तो एकच पत्ता होता.

त्या पत्त्यावर आता कचऱ्याचा डोंगर पडू लागला होता. दिवसाला चारशे पत्रं. टकलावर केस उगवणारं तेल, आठवड्यात पोट उतरवणाऱ्या गोळ्या, चंद्रावरचे प्लॉट, आणि बाईंशी लग्न करायला उतावीळ झालेले तीन जहाजांचे कप्तान. या गर्दीत एका दवाखान्याने पाठवलेलं मोजमाप हरवलं. पेशंट ठरल्या दिवशी कुबड्यांवर आला तर पाय तयारच नव्हता. तो बाकावर बसून राहिला. बाई त्या दिवशी डबा न उघडताच घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना प्रत्येक दुखण्यावर नवं काहीतरी विकत घेणं हाच इलाज ठाऊक.

"बाई, महिनाअखेर हा पत्ता बंद करू. नवा घेऊ. दवाखान्यांना कळवून टाकू."

"दवाखान्यांना कळवाल, सर. पायांना कसं कळवणार?"

संचालकांना आधी अर्थ लागला नाही. लागल्यावर ते म्हणाले, "बाई, दहा-दहा वर्षांपूर्वीचे पाय ते. वर्षाकाठी चार माणसं लिहीत असतील."

"सात," बाई म्हणाल्या. "मागच्या वर्षी सात."

संचालकांनी डोकं खाजवलं आणि महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. तोवर कचरा आवाक्यात आला तर पत्ता राहील, नाहीतर जाईल.

दर मंगळवारी कॉम्प्युटर बघायला एक जण येई. सगळे त्याला मंगळवारकर म्हणत. तोही म्हणाला होता, "बाई, सगळं सिलेक्ट करा आणि उडवा." बाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याचा चहा कपातच राहिला. न वाचता कागद फाडणाऱ्यांबद्दल बाईंचं मत छापण्याजोगं नाही. मग त्याने मुकाट्याने दुसरा उपाय सांगितला. कॉम्प्युटरवर बसवायचा एक प्रोग्रॅम होता. कचरा पत्र निवडून बटण दाबलं की ते कुठून आलं याचा तो माग काढतो, जिथून आलं तिथल्या कंपनीकडे तक्रार धाडतो, आणि तशी पत्रं पुढच्या वेळी दारातच अडवायला शिकतो.

"तक्रार धाडतो?" बाई सावरून बसल्या. "लेखी?"

"लेखी."

"क्रमांक देतो तक्रारीला?"

"देतो."

"बसवा," बाई म्हणाल्या.

बसवायलाच सकाळ गेली. आधी प्रोग्रॅम म्हणाला, जागा कमी आहे. मग म्हणाला, कॉम्प्युटर बंद करून चालू करा. मग नोंदणी पक्की करण्याचं पत्र पाठवतो म्हणाला आणि ते पत्र काही येईना. शेवटी ते कचऱ्यात सापडलं, चंद्रावरच्या दोन प्लॉटांच्या मध्ये. मंगळवारकर हसून लोटपोट झाला. बाईंनी त्या पत्राला आवक क्रमांक दिला.

खरी मजा पुढे झाली. प्रोग्रॅम माग कसा काढतो हे सांगायला मंगळवारकराने एका पत्राचा लपलेला मथळा उघडून दाखवला. वीस ओळींचं ते कोडं बघून भल्याभल्यांचे डोळे फिरतात. बाईंनी ते छापून घेतलं, पट्टी लावून एकेक ओळ वाचली आणि म्हणाल्या, "हे तर पोस्टाचे शिक्के आहेत."

"म्हणजे?"

"पत्र ज्या ज्या ठाण्यातून गेलं, त्या त्या ठाण्याने शिक्का मारलाय. शेवटचा सगळ्यात वर. खालचे शिक्के पाठवणारा खोटेही मारील. पण वरचे आपल्या ठाण्याचे, ते खरे. तेव्हा आपल्या ठाण्याच्या हातात ज्याने पत्र दिलं, त्यालाच धरायचं. असंच ना?"

मंगळवारकर त्यांच्याकडे बघतच राहिला. ही गोष्ट समजायला त्याला कॉलेजात अख्खं सत्र लागलं होतं. "बाई, तुम्ही या धंद्यात यायला हवं होतं," तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं.

एवढं सगळं समजलेल्या बाईंनी पुढच्याच पायरीला ठेच खाल्ली. प्रोग्रॅमने विचारलं, तुमची स्वतःची ठाणी कोणती? बाईंनी कचेरीच्या यंत्राचं नाव लिहिलं. पत्रं आधी मागच्या वर्कशॉपमधल्या जुन्या यंत्रावर येतात आणि तिथून कचेरीत, हे त्यांना ठाऊक होतं. पण वर्कशॉप म्हणजे बाहेर. तिथे जाणाऱ्या कागदाला जावक क्रमांक लागतो. तेव्हा ते नाव लिहायचा प्रश्नच त्यांच्या मनात आला नाही. मंगळवारकर तोवर दुसऱ्या खोलीत प्रिंटर खोलून बसला होता.

मग बाईंनी पदर खोचला. रोज सकाळी दहा ते बारा त्या एकेक पत्र उघडत, वाचत, बटण दाबत आणि वेगळ्या वहीत नोंद करत. घरी नणंद टाळ्या पिटून हसली. दोघी एकाच घरात म्हाताऱ्या होत चाललेल्या. एक नर्सच्या नोकरीतून निवृत्त, दुसरी निवृत्तीच्या उंबरठ्यावर.

"वहिनी, लोक कचरा टाकतात आणि तू त्याची वही ठेवतेस!"

"वन्सं, तुम्ही तापाचा तक्ता ठेवत होता ना? ताप काय पेशंटने मागून घेतलेला असतो?"

 नणंदेने भात वाढला.

चौथ्या दिवशी इंटरनेट कंपनीकडून संस्थेला एक तक्रार आली. आपल्या वर्कशॉपच्या यंत्रातून केसांच्या तेलाच्या जाहिराती पाठवल्या जात आहेत, असं तीत होतं. संध्याकाळपर्यंत तशा एक्केचाळीस झाल्या. बाईंनी एक्केचाळीसही रीतसर आवक केल्या आणि मिस्त्रींना कडक भाषेत मेमो काढला. जावक क्रमांक घालून, अर्थातच.

मिस्त्री मेमो हातात घेऊन अंगण ओलांडून आले. डोक्यावर औषधालाही केस नव्हता. "बाई, असलं तेल माझ्यापाशी असतं तर मी आधी स्वतःला चोपडलं नसतं का?"

कचेरीत हशा पिकला. बाई मात्र हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ई-मेलची पेटी उघडली तर कचरा शून्य. एकही पत्र नाही. तेल नाही, गोळ्या नाहीत, कप्तान नाहीत. संचालक येऊन पाठ थोपटून गेले. बाईंना क्षणभर बरं वाटलं. पण अकरा वाजले, साडेअकरा वाजले, दवाखान्यांची मोजमापंसुद्धा येईनात. रजिस्टरात तारीख घातली होती आणि तिच्याखाली काहीच नव्हतं. एकतीस वर्षांत असा दिवस उगवला नव्हता.

त्यांनी ते एक्केचाळीस कागद काढले, शेजारी आपली वही ठेवली आणि क्रमांक पडताळू लागल्या. पहिला जुळला. दुसरा जुळला. दहाव्याला त्यांनी चष्मा काढून पुसला. सगळे जुळले. एक्केचाळीसही तक्रारी त्यांच्या स्वतःच्या होत्या. प्रोग्रॅमने वर्कशॉपला परकं धरलं होतं, कारण बाईंनीच ते परकं ठेवलं होतं. आणि कंपनीने त्या तक्रारी खऱ्या मानून वर्कशॉपच्या यंत्राची टपालवाट बंद करून टाकली होती.

दुसरं कोणी असतं तर यंत्रावर खापर फोडून मोकळं झालं असतं. मंगळवारकराचं नाव पुढे करणंही सोपं होतं. बाई वही काखेत घेऊन सरळ संचालकांपुढे उभ्या राहिल्या. "सर, चूक माझी आहे. मी आपल्याच घराची तक्रार केली." आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, मेमोसकट.

संचालकांचा चेहरा पडला. "बाई, आता मला काही ऐकायचं नाही. महिनाअखेर पत्ता बंद." त्यांनी अर्ज त्याच वेळी टाइप करवून टेबलावर ठेवला. फक्त सही बाकी होती.

कंपनीला ई-मेल करण्याची सोयच उरली नव्हती, म्हणून बाई बसने तिच्या कचेरीत गेल्या. एक्केचाळीस तक्रारी मागे घेतल्याचं पत्र, प्रत्येकीचा क्रमांक, प्रत्येकीपुढे सही. काउंटरवरच्या माणसाने ते उलटसुलट करून पाहिलं. "मॅडम, तक्रार करायला लोक येतात. मागे घ्यायला आलेलं माणूस मी पहिल्यांदा बघतोय." पोच म्हणून मारायला त्याच्याकडे शिक्काच नव्हता, तेव्हा बाईंनी तारखेसकट सही घेतली. वाट त्याच दुपारी मोकळी झाली. अडलेली मोजमापं पाठवणाऱ्यांच्या यंत्रांत रांग लावून उभी होती, ती एकामागून एक आत आली. बाईंचा जीव भांड्यात पडला.

त्यांनी वर्कशॉपचं नाव ‘आपली ठाणी’ या रकान्यात स्वतःच्या हाताने घातलं. मग वर्कशॉपमध्ये जाऊन मिस्त्रींची सगळ्यांसमोर माफी मागितली. मिस्त्री इतके अवघडले की त्यांनी उगाच एक पाय उचलून पुसायला घेतला.

आणि काम परत सुरू झालं, त्याच चिकाटीने. आता तक्रारी बरोबर ठिकाणी जाऊ लागल्या. जगातला कचरा काही संपला नाही. तो कोणाच्या बापाच्याने संपायचा नाही. पण प्रोग्रॅम शिकत गेला. चारशेचे अडीचशे झाले, अडीचशेचे सव्वाशे. महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी पेटीत बासष्ट पत्रं होती. संचालकांच्या टेबलावर अर्जही होता, अजून सहीविना. मात्र आज त्यावर पेन ठेवलेलं बाईंनी येता येता पाहिलं होतं.

बासष्टांतलं एक पत्र प्रोग्रॅमने लाल केलं होतं. विषय नाही. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसते आकडे. सोबत एक फोटो. कचऱ्याची सगळी लक्षणं. बटणाखाली सल्लाही आला होता: तक्रार करा. बाईंनी नेहमीप्रमाणे आधी उघडलं.

फोटोत फरशीवर आडवा ठेवलेला एक पाय होता. गुडघ्याच्या वर भेग गेलेली, आणि वाटीच्या काठाला पिवळी पडलेली पट्टी. अक्षरं बाईंनी टाइप केलेली. खाली दोन ओळी होत्या. ‘पाय तडकला. आत हे लिहिलेलं सापडलं. तिथे अजून कोणी आहे का?’

बाईंनी लाल खूण काढली, पत्र छापलं, आवक क्रमांक घातला आणि संचालकांपुढे ठेवलं. संचालकांनी ते दोनदा वाचलं. मग पेन उचलून बाजूला ठेवलं आणि अर्ज आडवा-उभा फाडला. त्यांचे डोळे भरून आले होते.

बाई कागद घेऊन अंगण ओलांडून गेल्या. मिस्त्रींनी फोटो उजेडाकडे धरला. "माझ्याच हातचा. दहा वर्षं चालला म्हणजे चांगला चालला. होईल नवा." मग सवयीने पेन काढून सही कुठे करायची ते शोधू लागले. "बाई, जावक क्रमांक कुठाय?"

"घरातल्या घरात कसला क्रमांक?" बाई म्हणाल्या.

परत टेबलाशी येऊन त्यांनी उत्तर टाइप केलं. ‘आहोत. मोजमाप पाठवा.’ त्याला मात्र त्यांनी जावक क्रमांक दिला, आणि पाठवून झाल्यावर पुढचं पत्र उघडलं.