पोस्टरवरचा घरमालक

पेंटरच्या दुकानात दोन गोष्टी कधी संपत नाहीत, टर्पेंटाइनचा वास आणि किस्से. रंग वाळेपर्यंत माणसाला दुसरा उद्योग तरी काय? बोलत बसायचं! माझ्याकडे इतके किस्से साठलेत की बायको म्हणते, "एकदाचे मोडीत तरी घाला!"

साठ सालानंतरची गोष्ट. सांगलीच्या पेठेत नानांचं दुकान आणि हाताखाली आम्ही दोघं, मी रहिमतपूरचा आणि शंकर पलूसकडचा. शंकरचं लग्न होऊन वर्ष उलटलं, तरी बायको माहेरी, कुंडलला. सासऱ्यांनी बजावलेलं, "आधी खोली घ्या, मग लेक न्या!" खोल्यांची भाडी अशी चढलेली की हा बापडा दुकानातच फळीवर झोपायचा. अशात भाडेकरूंच्या मंडळानं भाडेवाढीविरुद्ध पोस्टरं करायचं काम आम्हाला दिलं. शंकर इतका खूश की म्हणाला, "नाना, ह्याची मजुरी मला नको!"

नाना म्हणाले, "मला पाहिजे रं गड्या!"

*

मंडळाचे सेक्रेटरी एक गुरुजी होते. घोषणा लिहून आणली, ती चांगली अकरा ओळींची! नानांनी चष्मा लावून सगळी वाचली. "गुरुजी, हे वाचून हुईस्तवर मालक अजून एकदा भाडं वाढवंल!"

शेवटी चारच शब्द ठरले, 'पगार तेवढाच, भाडं दुप्पट!' गुरुजी दोन दिवस रुसले होते.

*

त्याच आठवड्यात एक घरमालक 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी करून घ्यायला आले. खाली अटी. मुलं नकोत, पाहुणे नकोत, मोठ्यानं खोकणारे नकोत. शंकरनं ब्रश खाली ठेवला. "आवं मालक, मग खोलीत ठेवायचं काय, हळद?"

मालक गंभीरपणे म्हणाले, "हळदीचं भाडं वेळेवर येतं."

*

कामाच्या कोपऱ्यात सही ठोकायची ही आम्हा पेंटरांची खोड. शंकरनं प्रत्येक पोस्टरवर झोकात 'शंकर पेंटर' लिहिलं. पोस्टरं चौकाचौकांत लागली आणि हा निघाला खोली बघायला! पहिल्या ठिकाणी नाव सांगताच दार बंद. दुसरीकडे मालकांनी चहा पाजला, अक्षराचं कौतुक केलं, आणि मग दार बंद!

परत आला तो एवढंसं तोंड करून. "चहा बरा व्हता," एवढंच म्हणाला. मला फार वाईट वाटलं. 'सही जरा मोठी काढ' असं त्याला मीच सांगितलं होतं.

*

एक मोठं कापडी पोस्टर पेठेत लावलेलं. एका बाजूला ढेरपोट्या घरमालक, कमरेला चाव्यांचा जुडगा. दुसऱ्या बाजूला भर रस्त्यात ट्रंकेवर बसलेली बाई. मालकाचा चेहरा शंकरनं मनानंच काढलेला. तरी तीन घरमालक भांडायला आले. प्रत्येकाचं एकच, "हे माझं चित्र आहे!"

नाना म्हणाले, "तिघं बसून ठरवा कुणाचं ते. त्याचं नाव खाली लिहितो!"

तिघंही चपला घालून पसार.

*

बाईचा चेहरा मात्र मनानं काढलेला नव्हता. शंकरला बाईचा एकच चेहरा काढता यायचा, बायकोचा! आणि नेमके त्याचे सासरे हळद घेऊन सांगलीला आले. पोस्टर उपटून, खांद्यावर टाकून दुकानात हजर!

"माझी लेक रस्त्यावर बसवलीस? भर पेठंत?"

शंकरनं हातातला ब्रश पाठीमागं लपवला. "मामा, खोलीच मिळंना..."

"आज खोली न्हाई, तर लेक कायमची कुंडलातच!" ते गरजले. मग पुन्हा पोस्टरकडं बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम बसला. "ट्रंक बी मी दिलेलीच काढलीस व्हय रं..."

त्यांनी पोस्टर गुंडाळून पुन्हा खांद्यावर टाकलं. मग शंकरला म्हणाले, "चल माझ्यासंगं."

मीही मागोमाग गेलो. ते तडक आपल्या नेहमीच्या हळदीच्या व्यापाऱ्याकडे शिरले. पेढीमागं शेठची एक खोली होती, तिच्यात चारच पोती पडलेली. मामांनी हळदीच्या ढिगावर पोस्टर पसरलं आणि बाईवर बोट ठेवलं. "ही माझी लेक."

मग बोट सरकवत ढेरपोट्यावर नेलं. "आन् ह्यो कोण, ते मला ठावं न्हाई. तुमी सांगा शेठ."

शेठ बराच वेळ पोस्टरकडं बघत राहिले. हात नकळत कमरेच्या जुडग्यावर गेलेला. मग त्यांनी त्यातली एक चावी सोडवली आणि हळूच चित्रातल्या ट्रंकेवर ठेवली.