बिनचुन्याचे गायधनी

गायधनी साहेब कोणाच्याही घरी गेले, की चहाच्या आधी भिंतीच्या कोपऱ्यात नख खुपसून पाहत. नख आत गेलं, की यजमानाकडे सुतकी चेहऱ्याने बघत. "सिमेंट," ते म्हणत. "नुसतं सिमेंट. जोडकाम कुठंय?" माझ्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीलाही ते हेच बोलले. माझ्या बायकोने त्यांना पुन्हा शिऱ्याचा आग्रह केला नाही.

नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यात ते तपासणी विभागाचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली. जगातला प्रत्येक नग नापास करायचा, ही त्यांची नोकरीही आणि हौसही. पास झालेली वस्तू एकच: वणीच्या रस्त्यावरून आत वळल्यावर एका खेड्यात असलेलं महादेवाचं हेमाडपंती देऊळ. नव्वदच्या दशकातले हिवाळ्यातले रविवार त्यांनी तिथं घालवले. त्यांच्या स्कूटरवर मागे मी असायचो, त्यामुळे माझेही गेले.

देवळात शिरले की साहेब महादेवाकडे पाठ करायचे आणि खांबांकडे तोंड. खिशातून फट मोजायची पातळ पोलादी पट्टी काढून ती दगडांच्या सांध्यात घालू बघायचे. पट्टी आत जायची नाही. "पाहा! दगडावर दगड, खाचेत खाच. चुन्याचा कण नाही! यादवांच्या काळापासून या देवळाला कोणी चुना लावू शकलेलं नाही!" या कोटीवर ते स्वतःच हसत. पारावरची माणसं मात्र गंभीर होऊन ऐकत. मग छतातलं दगडी कमळ, छत पेलणारे ढेरपोटे यक्ष, भिंतींचे ताऱ्यासारखे कोन असं सगळं झालं, की शेवटी गावाला ठरलेला आहेर: "तुम्हाला याची किंमत नाही!" शाळेतली पोरंसुद्धा इतक्या वेळा नापास होत नाहीत. गावाने ते मनावर घेतलं.

दोन हजार साल उलटल्यावर एकदा त्या गावचे सरपंच स्वतः नाशिकला आले. "सर, जीर्णोद्धार केलाय. तुमच्यामुळंच झाला. उद्घाटनाला तुम्हीच पायजे." साहेबांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला.

झाडीत शिरेपर्यंत न दिसणारं ते देऊळ आता रस्त्यावरूनच दिसत होतं. पिवळाधमक ऑइल पेंट. कमळ गुलाबी. प्रत्येक सांध्यात बोटभर सिमेंट. यक्षांना काळ्याभोर मिश्या काढलेल्या. दारावर संगमरवरी पाटी: 'प्रेरणास्थान – मा. गायधनी साहेब'. मला हसू आवरेना. साहेब मात्र सांध्यातल्या सिमेंटमध्ये नख खुपसून पाहत होते.

"कोणी सांगितलं हे करायला?"

"तुम्हीच की, सर!" सरपंच गोंधळले. "दरवर्षी सांगायचे, चुना नाय, चुना नाय. गावाला लाज वाटली. देवाचं घर आन् बिनचुन्याचं? चुन्याचे कारागीर आता कुठं मिळायचे, म्हून सिमेंट भरलं. एक नंबर माल हाय."

"अडाणी आहात सगळे! शेकडो वर्षांचं काम महिन्यात घालवलंत!" साहेब किंचाळले आणि महाप्रसाद न घेताच स्कूटरकडे निघाले.

देवळाची झाडलोट करणारी कोंडाबाई पत्रावळ घेऊन आडवी आली. "सायेब, देवाच्या दारातून उपाशी जाऊ नका. पावसाळ्यात वरून धार लागायची. मी पिंडीवर घमेलं धरून बसायची. आवंदा देव कोरडा राहील. तुम्ही पावसाळ्यात कधी आलेच नाय, तुम्हाला कसं ठावं असंल?"

साहेबांनी पत्रावळ घेतली आणि उभ्याउभ्याच खाल्लं. परतताना दिंडोरीच्या अलीकडे स्कूटर थांबवून ते रडले, चांगले मोठ्याने. "सगळं पाहिलं रे," ते म्हणाले, "आणि वर पाहिलं ते फक्त कमळ." माझं हसू केव्हाच संपलं होतं. त्या दिवशी मला त्यांची फार माया वाटली.

तो पिवळा रंग त्यांनी काही माफ केला नाही. हळदीकडेसुद्धा संशयाने बघायचे. पण पुढे ते वारले तोपर्यंत, कोणी कुठल्याही जुन्या देवळाचं कौतुक सांगू लागलं, की शतक नाही, घराणं नाही, त्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा: "पावसाळ्यात गळतं का हो?"