उकड कोण मळणार

मी सर्वांत जास्त कुणाचा ऋणी असेन तर माझ्या वहिनीचा. बारावीनंतर मला जयगडच्या बंदरात कामाला लावायचं घरात ठरलं होतं. वहिनी तेव्हा लग्न होऊन नुकतीच आली होती. नवी सून असून ती सासऱ्यांसमोर म्हणाली, "भावजींना कॉलेजात घाला. बंदर काय पळून जात नाही." आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्यामुळे. म्हणूनच गेल्या गणपतीत जे झालं त्याचा राग अजून जात नाही.

वहिनी टायपिंगच्या परीक्षेला बसणार होती. दुपारची भांडी आटोपून एसटीने क्लासला जायची. पास झाली की लिपिकाच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. परीक्षा विसर्जनानंतर लगेच होती आणि तिला बोटं धड हवी होती, बाकी काही नको होतं.

चतुर्थीला मुंबईची मंडळी आली, काका-काकू आणि चुलतबहीण. मोदकांची उकड परातीत काढली तेव्हा तिच्यातून वाफा येत होत्या. वहिनी ती वाटीच्या बुडाने रगडायला लागली.

"वाटी ठेव गो बाजूला," काकू म्हणाल्या. "हातानं मळ, नाहीतर मोदक फुटतात."

"चटके बसतात, काकू."

"आमचे हात काय लोखंडाचे होते?"

वहिनीने वाटी ठेवली. उकड चिकट असते, हात झटकला तरी सुटत नाही. उजव्या हाताची बोटं टोकाशी भाजली.

मी ओटीवर मखर बांधत होतो. आत गेलो तोवर घरभर वैद्य निघाले होते. काकूंनी टूथपेस्ट फासली होती. शेजारची आजी तूप-हळद घेऊन उभी होती. काका म्हणत होते, शाई लावा, शाईसारखं दुसरं औषध नाही. चुलतबहीण फ्रीजमधला बर्फ घेऊन आली. प्रत्येकाकडे उपाय होता. परात मात्र वहिनीच्याच पुढे होती.

"हे सगळं धुवा आणि हात नळाखाली धरू द्या," मी म्हणालो. "साधं पाणी, चांगली पंधरा-वीस मिनिटं. बर्फसुद्धा नको."

काका हसले. "पदवी यातच घेतलीस काय रे?"

वहिनीला मागच्या पडवीत नेलं, बोटं सुजायच्या आत अंगठी काढायला लावली आणि नळ सोडला. तेवढ्यात आतून हाक आली, "उकड गार होते गो." तिने हात मागे घेतला. मी तिचा हात धरून परत पाण्याखाली ठेवला आणि आत जाऊन परातीपुढे बसलो.

"नैवेद्याची उकड पुरुष मळणार?" काकू म्हणाल्या.

"मळतोय."

"मग साडीपण नेस," काका म्हणाले.

मी वाटीनेच मळली. एकही मोदक फुटला नाही. काकांनीच जास्त खाल्ले.

पण संध्याकाळी मी वाडीत आरत्यांना गेलो असताना काकूंनी तिचे फोड सुईने फोडले. पाणी काढलं की लवकर बसतं म्हणे. बसलं नाही, चिघळलं. वहिनी पट्ट्या बांधून परीक्षेला गेली. वेग आला नाही, नापास झाली. निकाल कळल्यावर काकू फोनवर म्हणाल्या, "जाऊ दे गो, मोदक मात्र छान झालेले."

मी सावर्ड्याला शाळेत शिकवतो. घरचा मोबाईल आल्यागेल्याच्या हातात असतो, म्हणून वहिनीला पोस्टाने पत्र पाठवलं:

"वहिनी,

परीक्षेचा फॉर्म पुन्हा निघाला की भर. पुढच्या वर्षी मी चतुर्थीच्या आदल्या दिवशीच घरी येतो. उकड मी मळणार, आणि वाटीनेच. काकूंना जे सांगायचं ते मी सांगेन, तू मध्ये पडू नकोस. माझ्यासाठी तू एकदा मध्ये पडलीस, ते मला आयुष्यभर पुरलं आहे.

बोटांवरची नवी कातडी अजून नाजूक असेल, चुलीपाशी जप. पुन्हा भाजलंच, तर कुणी काहीही घेऊन येवो, तू आधी नळ सोड. फोड आला तर फोडू देऊ नकोस, स्वच्छ कापड सैल बांध. उकड गार झाली तर होऊ दे.

क्लास सोडू नकोस."