धरून ठेवलेला लाइट

बायकोला सांगितलं नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हाही हा विषय गाळूनच बोलतो. आज तुम्हाला सांगायला बसलोय, आणि तरी मन म्हणतंय, आधी दुसरं काहीतरी बोल. थोडं फिरून येऊ द्या मला.

मी पोंभुर्ण्याचा. पोंभुर्णा ते चंद्रपूर सवारीची जीप चालवतो, पंचवीस वर्षं होत आली. मधला बराच रस्ता जंगलाचा. दिवसा त्याचं काही नाही. पण चाळिशीनंतर अंधार पडला की माझी पंचाईत व्हायची. समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यांत गेला की पुढचा रस्ताच पुसला जायचा. गाडी निघून जायची आणि डोळ्यांपुढे पांढरा डाग राहायचा — पाच-सहा सेकंद. तेवढ्यात जीप किती पुढे जाते, विचार करा. मी अंदाजाने स्टिअरिंग धरून बसायचो. कोणाला सांगितलं? छे! ड्रायव्हरने स्वतःच्या डोळ्यांबद्दल बोलायचं म्हणजे आपल्याच पोटावर पाय द्यायचा.

पण सवाऱ्यांना कळतं. अंधार पडल्यावर माझ्या गाडीत कोणी झोपत नसे. बाया पुढची सीट घट्ट धरून बसायच्या. आणि अनवरच्या गाडीत? जंगल लागायच्या आधीच सगळे घोरत असायचे.

अनवर माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी या लाइनीवर आला. गॅरेजवाल्याचा मुलगा, हसतमुख, नजर एकदम तेज. कोणाबद्दल वाईट बोलणार नाही. अशा माणसाचा राग करायला कारणही सापडत नाही, आणि मग तो आतल्या आत वाढत जातो. एकदा स्टँडवर, चार ड्रायव्हरांसमोर, तो मला म्हणाला, "भाऊ, समोरच्या लाइटाकडे पाहूच नका. डाव्या पट्टीवर नजर ठेवा. अन् काच आतून पुसत जा, आतून धूर बसते तिच्यावर." उपयोग झाला, खोटं का बोलू? रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी पट्टी धरून चाललो की तो डाग कमी जाणवायचा. काचही रोज पेपरने पुसू लागलो. पण अंगाचा तिळपापड झाला. माझे डोळे गेलेत हे चारचौघांत सांगायची याला काय गरज होती? त्याचा हेतू चांगला होता, हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काय उपयोग — जळायचं ते जळतच होतं.

त्यात शाळेच्या बाईंचं झालं. आमच्याकडच्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई दर आठवड्याला चंद्रपूरला घरी जायच्या, बारा वर्षं माझ्याच गाडीने. माझी सगळ्यात जुनी सवारी. त्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. चंद्रपूरहून परत यायचंय, निघायला अंधार पडेल. मी म्हटलं, मी चंद्रपुरातच आहे, तुम्हाला घेऊनच येतो. त्या म्हणाल्या, "भाऊ, राग नका मानू... अनवर येऊ शकेल का?"

मी त्याला निरोप दिला आणि चंद्रपूरहून एकटाच परत निघालो.

आता आमच्या ड्रायव्हर लोकांची एक रीत तुम्हाला सांगितलीच पाहिजे. समोरून गाडी आली की अप्परचा डिपर करायचा, म्हणजे वरचा झोत खाली घ्यायचा, हे तर सगळीकडेच आहे. पण जंगलात समोरचा डिपर देत नसेल, अप्पर तसाच धरून ठेवत असेल, तर समजायचं की दोघांच्या मध्ये रस्त्यावर जनावर आहे. दोन्हीकडून उजेड पडला तर जनावर बिथरतं, कुठेही धावतं. म्हणून ज्याला आधी दिसलं त्याने त्याच्यावर लाइट धरायचा आणि दुसऱ्याने आपले दिवे पूर्ण बंद करून गाडी डावीकडे घ्यायची. आम्ही याला लाइट धरणं म्हणतो. यात कोणी थट्टा करत नाही. अख्ख्या लाइनीत कोणी कधी केलेली नाही.

साडेसात वाजले असतील. लांबून दिवे दिसले आणि मी ओळखलं, अनवर. समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून त्याने आपले दिवे स्वतःच्या हाताने खाली वाकवून घेतले होते. तसे दिवे आमच्या लाइनीत दुसऱ्या कोणाचे नव्हते. त्याने नेहमीसारखा लांबूनच डिपर दिला. आणि मी — मी अप्पर धरून ठेवला.

काय होतं माझ्या मनात? खरं सांगतो, मारायचं नव्हतं. तो पांढरा डाग त्यालाही एकदा दिसू दे, एवढंच होतं. बाईंना आणायला चाललाय ना, मग बघ जरा! त्याने एकदा अप्पर-डिपर करून विचारलं. मी धरूनच ठेवला. आणि मग त्याचे दिवे विझले.

त्याने ते का विझवले, हे मला त्याच क्षणी कळलं. हे तुम्ही नीट ऐका, कारण पाप इथं आहे. त्याला वाटलं, रस्त्यावर जनावर आहे. माझ्यावर विसंबून तो आंधळा झाला होता. डिपर द्यायला बोट हलवावं लागतं, बस! वेळ होता. मी बोट हलवलं नाही.

तिथं नाल्यावर छोटा पूल आहे. त्याचा एका बाजूचा कठडा पावसाळ्यात वाहून गेला होता. अनवरने गाडी डावीकडे घेतली आणि ती सरळ खाली गेली.

मी धावत उतरलो. तो शुद्धीवर होता. उजवा हात कोपरातून भलतीकडेच वळलेला. आणि त्याने पहिलं काय विचारावं? "काय होतं भाऊ? वाघ?"

मी म्हटलं, "अस्वल."

"भाऊनं लाइट धरला म्हणून वाचलो, नाई तं अस्वलाच्या अंगावरच गेलो असतो," हे त्याने दवाखान्यात सांगितलं, घरच्यांना सांगितलं, स्टँडवर सांगितलं. त्याच्या आईने माझे हात हातात घेतले. त्याचा कोपर पुढे सरळ झालाच नाही. गाडी सुटली, आता स्टँडजवळ वायरिंगचं दुकान चालवतो. आणि माझं नाव झालं. बाई पुन्हा माझ्या गाडीत बसू लागल्या. आता झोपतातही.

मागच्या महिन्यात अनवर लाइनीवर नव्याने आलेल्या एका ड्रायव्हरला तीच गोष्ट सांगत होता. मी शेजारी चहा पीत होतो. त्या ड्रायव्हरने मला विचारलं, "अस्वल कोणत्या बाजूनं गेलं भाऊ?" मी म्हटलं, उजवीकडे. बोललो आणि चूक लक्षात आली, कारण नाल्यात त्याच्याजवळ बसलो असताना मी डावीकडे म्हटलं होतं. तो पडला होता त्याच बाजूला, म्हणून तर तो तिथं घाबरला होता.

अनवर माझ्याकडे पाहत राहिला. त्याला कळलं. शंका नाही, त्याला त्या क्षणी सगळं कळलं. मग तो त्या ड्रायव्हरकडे वळला आणि म्हणाला, "अंधारात कुठी ध्यानात राह्यते बा? भाऊले तरी काय काय दिसन!"

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी चहा संपवला. रस्त्यावर अस्वल नव्हतं. वाघ नव्हता, साधा ससासुद्धा नव्हता. रस्ता मोकळा होता आणि समोर अनवर होता. आणि त्या दिवशी, तो मला सगळ्यांसमोर सांभाळून घेत होता तेव्हा, माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? लाज नाही आली. इतकं मोठं मन याला कुठून मिळालं, मला का नाही — हा हेवा आला.