मुठीवरून शेवटचा हात

मी लाकडी मुठी करतो. खुरप्याच्या, विळ्याच्या, सुताराच्या पटाशीच्या. रहिमतपुरात घराच्या पडवीतच लेथ आहे. बाभळीचा तुकडा लावायचा, मोटर चालू करायची आणि पोलादी पटाशीनं मुठीला गळा आणि पोट काढायचं, एवढी माझी विद्या. खुरपं धरून मी आयुष्यात एक सरी खुरपलेली नाही. आमच्या घरात शेत कधी नव्हतंच.

बायको मात्र आटपाडीकडची. शेळ्यांमागं आणि बाजरीच्या रानात खुरपत वाढलेली. लग्न होऊन आली आणि आठवडाभरात माझ्या मुठी हातात घेऊन म्हणाली, "दिसाय बऱ्या हायत." त्यात काय ते आलं. तेव्हापासून लेथवरून उतरलेली प्रत्येक मूठ तिच्याकडे जायची. जाड काचपेपर, मग बारीक, मग जवसाचं तेल, मग फडकं. "ह्यांचं नुसतं घुर्रघुर्र, मूठ तर मीच करती," असं ती येईल त्याला सांगायची आणि मी चिडायचो. थोडं खरं होतं म्हणून जास्तच चिडायचो.

लेथवर बसलं की माझं तोंड भिंतीकडे असतं. ती माझ्या पाठीमागं उंबऱ्याशी बसायची. इतक्या वर्षांत तिनं पुरी केलेली मूठ मी एकदाही तपासली नाही. तशी गरजच कधी पडली नव्हती.

मग तिचा आजार निघाला. केमोसाठी सांगलीला खेपा सुरू झाल्या. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की औषधानं बोटं बधिर होतील. एकदा आमटीची वाटी तिच्या हातातून सुटली आणि खाली पडल्यावरच तिला कळलं. ती हसली. मला हसता आलं नाही.

तरी मुठी घासायचं तिनं सोडलं नाही. बसून राहिले तर लवकर मरेन, असं म्हणायची. वाटी पडली त्या दिवशी मी पहिल्यांदा तिची मूठ उचलली आणि पोटावरून अंगठा फिरवला. खरखरीत लागली. दुसरी तशीच, तिसरीही तशीच. हिला आता कळत नाही, असं मी धरून चाललो.

ती दुपारी औषधाच्या गुंगीत झोपली की मी तिच्या मुठी पुन्हा लेथवर चढवायचो. अगदी बारीक कागद लावायचो, वर मूठभर ढलप्या दाबून धरायचो. मुठी काचेसारख्या चकाकायच्या. मग गुपचूप तिच्या पाटीत जागच्या जागी ठेवायचो. कुणाला न सांगता बायकोची लाज राखतोय, याचा मला अभिमानही वाटायचा. गाढवपणा दुसरा काय असतो!

महिन्याभरानं खुरपणीच्या बायकांची टोळी घेऊन फिरणारी मावशी दारात आली. पिशवीत आमच्याच मुठींची खुरपी होती.

"वैनी, दिसाय झ्याक हायत गं, पर घाम आला की हातात ठरत न्हाईत. दोघींची बोटं कापली. आदीच्या आशा नव्हत्या."

बायकोनं एक खुरपं घेतलं. अंगठा फिरवला, मग मूठ गालाला लावली.

"पोटावर जाड कागद आडवा फिरवायचा राह्यलाय," ती म्हणाली. "शेवटचा हात त्योच आस्तो माजा. फिरवल्याचं आठवतंय बी मला. मावशी, बोटं गेली गं माजी."

मी मागं उभा होतो. ती खरखर म्हणजे तिनं मुद्दाम ठेवलेली पकड होती, आणि मी ती महिनाभर घासून काढत होतो. अगं, ते मी केलं, एवढं म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की का केलं हेही सांगावं लागणार. तुझे हात कामातून गेले असं मी धरून चाललो होतो, हे तिच्या तोंडावर कसं सांगायचं? आणि खरं सांगायचं तर मावशीसमोर माझी शोभा झाली असती. तेही होतंच. मी मोटरचा पट्टा नीट करत राहिलो.

दुसऱ्या दिवशी तिनं काचपेपरचे तुकडे पत्र्याच्या डब्यात भरले आणि डबा कॉटखाली सरकवला. "बरं केलंस, आराम कर," मी म्हणालो. त्यानंतर ती उंबऱ्याशी बसली नाही.

आता तो डबा माझ्याकडे आहे. शेवटी पोटावर जाड कागद आडवा मीच फिरवतो. परवा मावशी म्हणाली, "वैनीच्या हातावाणी झाली बगा." मी आत निघून गेलो.

ती गेली त्याच्या आठ दिवस आधी आम्ही सांगलीच्या दवाखान्यात होतो. सकाळची वेळ. शेजारची खाट रिकामी होती. ती चादरीवरून बोटं फिरवत होती आणि एकदम तिचा चेहरा उजळला.

"आवं, हितं टाका उसवलाय. आन् ही गाठ. मला कळतंय की समदं!"

तिनं माझा हात ओढून घेतला, माझ्या अंगठ्यावरचा जुना घट्टा चाचपला आणि म्हणाली, "ह्ये बी कळतंय."

"मग त्या मुठी कशा वो चुकल्या माज्याकडनं?"

ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. मावशी नव्हती, शोभा व्हायची नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"आजारपणात होतं असं," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली, आणि हात पांघरुणात घेतला.