नळाशेजारचं घर

इतकी वर्षं लोटली, पण उज्जैनच्या ठाण्यातली ती दुपार माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मध्यभारत राज्य नव्या मध्य प्रदेशात विलीन व्हायच्या आधीचे शेवटचे दिवस होते. राजधानी कुठे जाणार, यावर फ्रीगंजमधल्या चहाच्या दुकानांत रोज खडाजंगी चाले. मी नुकताच सब-इन्स्पेक्टर झालो होतो आणि आपल्याला सगळं कळतं, अशी माझी पक्की समजूत होती.

गावाबाहेर नाल्याकाठी गरिबांची वसाहत उभी राहत होती. जमीन सरकारची, सामान एका कापडगिरणीचं आणि मेहनत राहायला येणाऱ्यांची. हमाल, भैरवगढचे रंगारी, रस्ते झाडणारे, सगळ्यांनी मिळून भिंती उचलल्या. कोणतं घर कोणाचं हे शेवटी सोडतीने ठरायचं, म्हणजे कोणी आपलीच भिंत पक्की बांधणार नाही. काय उमेद होती तेव्हा लोकांत!

पहिली घरं नळाशेजारी, शेवटची नाल्यावर. पावसाळ्यात तिथे पाणी उंबऱ्याला लागायचं. पहिल्या घरापासून क्रमाने नंबर पुकारायचा आणि मटक्यातून नावाची चिठ्ठी काढायची, असं ठरलं होतं. कागद फाटतो म्हणून चिठ्ठ्या गिरणीच्या कापडाच्या केल्या होत्या.

सोडतीच्या दिवशी वसाहत समितीचे सेक्रेटरी धापा टाकत ठाण्यात आले. ते माझे शाळेतले गणिताचे मास्तर.

"अरे, ती झाडूवाली मटका घेऊन भागली! सोडत सुरू व्हायच्या आत! आधी रपट लिही."

सोबत गिरणीचे मॅनेजर होते. छपरांची कौलं अजून यायची होती. तंटा झाला तर ती येणार नाहीत, असं त्यांनी बजावलं.

तासाभरात एका पानवाल्याने खबर दिली, बाई नानाखेड्याच्या वाटेवर झाडाखाली बसली आहे. खरोखरच बसली होती, मटका मांडीवर घेऊन. चोर माल असा उघड्यावर घेऊन बसत नाही, हे मला तिथेच खटकायला हवं होतं. पण मी तिला ठाण्यात आणलं आणि व्हरांड्यात बसवून आवाज चढवला. तिने मटका छातीशी धरला. मी आणखी ओरडलो. तिने पकड आणखी घट्ट केली.

शेवटी आमचे म्हातारे हेड कॉन्स्टेबल हळूच म्हणाले, "साहब, पहले पानी तो पिला दो."

पाणी पिऊन ती बोलली. "समिती के दफ्तर में झाड़ू मैं ही लगाती हूँ। सबेरे देखा, कुछ चिट्ठियाँ धूप में सूख रही थीं। कोरे कपड़े को कौन सुखाता है, साहब? सोडत हो जाती तो मेरी कौन सुनता, इसलिए मटका उठा लाई। हाथ डालके देख लो।"

मी डोळे मिटून मटक्यात हात घातला. बहुतेक चिठ्ठ्या मऊ होत्या, सात कडक. कपड्यांना लावतात ती खळ लावलेल्या. उलगडल्या, तर सातही नावं सफाई करणाऱ्या कुटुंबांची. चिठ्ठ्या मास्तरच काढणार होते. कडक लागली की सोडून द्यायची. शेवटी त्याच उरणार, नाल्यावरच्या घरांसाठी.

मास्तरांना समोर बसवलं आणि सातही चिठ्ठ्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी नाकारलं नाही.

"नळावर रोज भांडणं झाली असती रे. वसाहत टिकावी म्हणून केलं. आणि त्या लोकांना सवय असते."

मॅनेजर म्हणाले, मिटवून टाका. मास्तरांनी हात धरला. मला त्यांची दया आली, रागही आला. तरी ठाण्याच्या रोजनामच्यात मी सगळं जसंच्या तसं लिहिलं, त्यांच्या नावासकट. त्यानंतर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत.

चार दिवसांनी मैदानात, सगळ्यांदेखत नवी सोडत झाली. मटक्यात आता नावांऐवजी घरांचे नंबर होते आणि ज्याची चिठ्ठी त्यानेच काढायची. त्या सातांपैकी दोन कुटुंबांना नळाशेजारची घरं मिळाली. भांडणं झालीच, महिनाभर झाली, मग थांबली. कौलंही आली.

त्या बाईने मटक्यात हात घातला आणि निघालं ते अगदी शेवटचं, नाल्यावरचं घर. मी शरमेने पुढे झालो. बदलून देण्याबद्दल समितीशी बोलतो, म्हणालो.

ती हसली. "रहने दो साहब। वो तुम लोग दे रहे थे। ये मेरे हाथ से निकला है।"

पुढे नोकरीत मोठमोठे गुन्हे उघडकीस आणले, बक्षिसं मिळाली. पण गरिबाला घर हवं असतं तितकाच सोडतीत आपला हात घालण्याचा हक्कही हवा असतो, हे मला तिने शिकवलं. आणि मी तिच्यावर ओरडलो होतो, याची माफी मागायची राहून गेली.