तिच्या पट्टीतली गिटार

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला भेटतो तो पुढचा माणूस. "ही फ्रेम तुम्हाला शोभते हो," हे म्हणायचं काम त्याचं. काच फ्रेमच्या मापाने घासून, तिच्या कडा मऊ करून नीट बसवणारा माणूस मागच्या खोलीत असतो, आणि तो कोणाच्या नजरेला पडत नाही. भिंगकाका हे मागच्या खोलीतले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तिथेच काढली. समोर घासायचं चाक, चाकावर पाण्याची बारीक धार, काचेचा पांढरा चिखल उडतो म्हणून अंगावर रबरी एप्रन, आणि कानाशी दिवसभर घरघर. काच उतरवली की कड कुठे बोचत तर नाही ना, हे ते उजव्या अंगठ्याने बघत. डाव्या हाताचा त्या कामी उपयोग नव्हता. त्या हाताच्या बोटांची टोकं गिटारीच्या तारांनी इतकी निबर झाली होती की त्यांना काच काय नि लाकूड काय, सगळं सारखंच.

गिटार त्यांनी लग्नाच्या आधी घेतलेली. शिक्षण अर्धवट टाकून गावी निघालेल्या एका मुलाला सामान कमी करायचं होतं, काकांना हौस होती, जमलं. शिकवायला कोणी नव्हतं. बोटांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. चार कॉर्ड बसले. पाचव्याने मात्र दगा दिला. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबून धरायचा तो कॉर्ड. त्या एका कॉर्डने जगातल्या निम्म्या गिटारी माळ्यावर धाडल्या असतील. काकांनी त्याचा नाद सोडला आणि चार कॉर्डांत जेवढी गाणी मावतील तेवढ्यांत संसार केला.

गाणाऱ्या काकू होत्या. आता काकूंचा आवाज म्हणजे पुढच्या खोलीत ऐकला तर पाहुण्याला वाटावं, घरात कोणी दादा-भाऊजी आहेत. जाड, भरदार, खालचा. शाळेत गाण्याच्या बाईंनी त्यांना मागच्या रांगेत उभं केलं होतं आणि "तू नुसते ओठ हलव" असं सांगितलं होतं. ते त्यांच्या मनाला इतकं लागलं की पुढे कुठल्याही कार्यात, कितीही आग्रह झाला तरी, त्यांनी तोंड उघडलं नाही. गायच्या त्या फक्त स्वयंपाकघरात, भाजी चिरताना, पाठ फिरवून. देवाने दिलेला आवाज त्यांनी देवाला आणि नवऱ्यालाच ऐकवला.

पण गिटार जशी सगळे लावतात तशी लावली की काकूंना ती उंच पडे. वरच्या सुराला त्यांचा श्वास पुरत नसे. मग काकांनी गिटारच खाली आणली. कामावरून आले, हातपाय धुतले, चहा झाला की ते स्टुलावर बसायचे आणि म्हणायचे, "हं, दे."

काकू विळीवरून मान वर न करता रोजचा तोच एक सूर गुणगुणायच्या. काका सर्वांत जाड तार त्या सुराला मिळवायचे, आणि बाकीच्या पाच त्या तारेला. गिटार लागली.

गंमत अशी की ती जाड तार लागली की कप ठेवायच्या कपाटाची सरकती काच थडथडायची. बरोबर त्या एकाच सुराला. तार जराशी इकडेतिकडे झाली तर गप्प.

"अहो, थांबवा ते," काकू म्हणायच्या. "तुमच्या गिटारीने कपाटाचे दात वाजतात."

"थंडी वाजत असेल त्याला."

"मग शाल घालते."

आणि एक दिवस त्यांनी खरंच घातली. काच पुसायचं पिवळं मऊ फडकं काका दुकानातून आणत, त्यातलं एक चार पदरी घडी करून काकूंनी काच आणि चौकट यांच्या फटीत दाबून बसवलं. कपाट गप्प झालं ते झालंच.

काकू गेल्या तेव्हा गिटार भिंतीला टेकून होती आणि तिच्या तारा अजून त्याच सुरात होत्या. काकांना हे पंधरवड्याने कळलं. घर रिकामं झालं होतं, लेक सासरी परतली होती, त्यांनी सहज बोट फिरवलं आणि तो सूर आला. काकूंनी शेवटचा दिलेला. त्यांचं गाणं कुठेही टिपून ठेवलेलं नव्हतं. "नको, माझा आवाज पुरुषी येतो," म्हणून त्या फोन समोर धरू देत नसत. राहिलं होतं ते एवढंच, तारांत.

तेव्हापासून काकांनी एक नेम धरला. सगळ्या तारा एकदम बदलायच्या नाहीत. एक जुनी काढायची, नवी घालायची, ती उरलेल्या पाचांना मिळवायची. आठवडा जाऊ द्यायचा, मग दुसरी. एका ज्योतीवरून दुसरी लावावी तसं. रोज संध्याकाळी एकमेकींशी पडताळून बघायच्या. कुठलंही यंत्र नाही, की फोनमधलं काही नाही. सूर काकूंचा, तो पुढे चालत राहिला पाहिजे, बस्स. देवासमोर हात जोडताना त्यांनी मागितलं असेल तर तेवढंच.

लेकीला हे ठाऊक नव्हतं. तिला दिसायचं ते इतकंच की बाबा एकटे आहेत आणि एकटेच वाजवतात. "बाबा, तुमच्या त्या सलूनमध्ये लोक जमतात ना गिटारी घेऊन? जा ना. भिंतीशी किती बोलाल?"

"भिंत उलट उत्तर देत नाही."

"म्हणूनच सांगतेय."

सलून बंद असण्याच्या वारी दुपारी तिथे पाचसहा हौशी मंडळी जमत. सलूनवाला स्वतः वाजवायचा, बरा वाजवायचा. काका दारात घुटमळले तेव्हा तो म्हणाला, "या काका, खुर्ची निवडा. दाढी मात्र आज होणार नाही."

फिरत्या खुर्च्या, चारी बाजूंना आरसे. ज्याने-त्याने आपलीच बोटं बघत वाजवायचं. मंडळींत एक परिचारिका होती. दवाखान्यातली पाळी संपवून थेट यायची, सगळे तिला सिस्टर म्हणत. तिच्याकडे सूर दाखवणारं चिमट्यासारखं यंत्र होतं. ती ते प्रत्येकाच्या गिटारीच्या डोक्याला लावायची, तार छेडायची, काटा बघायची.

"हलू नका. ताप बघतेय." काकांची गिटार बघून ती म्हणाली, "अहो काका, ही तर गार पडलीय. सगळ्या तारा उतरल्यात."

"राहू दे. ती तशीच असते."

"तशीच म्हणजे? सगळ्यांशी जुळणार कशी?"

"मी हळू वाजवीन."

आणि खरंच त्यांनी हळू वाजवलं. हाताचा तळवा तारांवर ठेवून, आवाज दाबून, म्हणजे आपला वेगळा सूर कोणाला टोचायला नको.

"काका," सलूनवाला आरशातून म्हणाला, "वाजवताय की थोपटून झोपवताय तिला?"

सगळे हसले. काकाही हसले. पुढच्या वेळी ते पुन्हा गेले आणि पुन्हा तसेच बसले. घरी एकटं बसणं आणि इतक्या जणांत असं तळवा ठेवून बसणं, यांतलं जास्त एकटं कुठलं, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना.

तिसऱ्या खेपेला मधेच लेकीचा फोन आला. सलूनमध्ये गोंगाट, म्हणून काका गिटार खुर्चीवर ठेवून बाहेर गेले. "हो, इथेच आहे. हो, मजा येते. हो गं, खाल्लं." परत आले तेव्हा गाणं सुरू व्हायच्या बेतात होतं. त्यांनी गिटार मांडीवर घेतली आणि सवयीने तळवा ठेवायच्या आधीच पहिला कॉर्ड वाजला.

इतका गोड लागला. सगळ्यांच्या सुरात सूर, सलूनभर एकच आवाज, जणू एकाच मोठ्या गिटारीच्या तारा. सलूनवाल्याने आरशातून मान डोलावली. काकांच्या अंगावर काटा आला, आणि त्या आनंदात त्यांनी दुसरा कॉर्डही वाजवला. मग बोटांना कळलं. तारा कडक लागत होत्या.

त्यांचा हात थांबला. "हिला कोणी हात लावला?"

"मीच," सिस्टर म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "म्हटलं काकांना संकोच वाटतो सांगायला. आपणच करून टाकू. बघा कशी बोलायला लागली."

"सगळ्या?"

"सगळ्या म्हणजे? एखादी ठेवून काय करायचं होतं, लोणचं?" मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काका, काही चुकलं का? पुन्हा उतरवून देऊ?"

"हो."

"देते की, त्यात काय. सांगा, किती उतरवू?"

काकांनी जाड तारेची खुंटी चिमटीत धरली. किती, हे त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. त्याला नाव नव्हतं की आकडा नव्हता. एक तार जरी जुनी राहिली असती तरी बाकीच्या तिच्यावरून लावल्या असत्या. चारी आरशांत एकच म्हातारा, मांडीवर गिटार घेऊन बसलेला.

"राहू दे," ते म्हणाले. "सिस्टर, तुमचा काही दोष नाही." आणि उठले.

घरी येऊन त्यांनी चप्पलही धड काढली नाही. स्टुलावर बसले, जाड तारेची खुंटी सैल करत आणली, छेडली. हा? नाही. अजून खाली. हा असेल. नसेल. डोळे मिटून काकूंचा सूर आठवायला जावं तर आठवे, पण जो छेडावा तोच त्यांचा वाटे. भिंगाच्या जाडीतला केसाएवढा फरक त्यांच्या अंगठ्याला कळायचा. कानाला मात्र काहीच कळेना.

त्यांनी लेकीला फोन लावला. "तुझ्या आईचा आवाज आहे का गं तुझ्याकडे? गायलेला?"

"गायलेला कुठून असणार? ती टिपू द्यायची का?" लेक फोनमध्ये शोधू लागली. "एक व्हिडिओ आहे. त्यात नुसतं 'अगं बंद कर ते' एवढंच म्हणते. लावू?"

"लाव."

अगं बंद कर ते. काकूच होत्या. पण तो बोलण्याचा आवाज, गाण्याचा सूर त्यात नव्हता.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही. तार तुटली जुनी."

"मग नवी घाला की."

"घालतो."

त्यांनी फोन ठेवला. मग उठून चहाचं पाणी ठेवलं, कप काढून कपाटाची काच परत सरकवू लागले, आणि नेहमीसारखं ते पिवळं फडकं बोटांना लागलं. इतकी वर्षं ते त्याच्या बाजूने धूळ पुसत आले होते, पण घडीला हात लावला नव्हता. ती घडी काकूंच्या बोटांची होती.

त्यांनी कप खाली ठेवला. फडक्याकडे बघत उभे राहिले. ओढलं तर घडी सुटेल, आणि तशी घडी पुन्हा कोण घालणार? पण हात पुढे गेला. एक कोपरा चिमटीत धरून त्यांनी ते हळूहळू ओढून काढलं. घडी मोडली नाही. वर्षानुवर्षं दाबून तिची पुठ्ठ्यासारखी वडी झाली होती.

स्टूल कपाटापाशी ओढून ते बसले आणि जाड तार पुन्हा जुळवू लागले. हाताला ओळखीचा वाटणारा ताण आला तिथे थांबले. रोज संध्याकाळचा, जपलेला सूर. छेडला.

काच गप्प.

पुन्हा छेडला. काहीच नाही. काकांना वाटलं, कपाट ते विसरलं. खुंटी जराशी आणखी उतरवली. गप्प. आणखी एक कणभर.

काच थडथडली.

त्यांनी तारेवर बोट ठेवलं. काच थांबली. पुन्हा छेडली, पुन्हा थडथडली, कपांच्या कडा किणकिणल्या. काकूंचा सूर इथे होता. एकेक नवी तार जुनीला मिळवता मिळवता त्यांच्या हातून तो तिळातिळाने वर सरकत गेला होता, आणि त्यांना पत्ता नव्हता. इतकी वर्षं त्यांनी जिवापाड जपला तो सूर काकूंचा नव्हताच, त्यांच्या शेजारचा होता. सिस्टरने हात लावला नसता तर ते असेच शेजारी बसून राहिले असते.

बाकीच्या पाच तारा मिळवून होईतो चहाचं पाणी आटून गेलं. त्यांनी पहिला कॉर्ड वाजवला, तळवा न ठेवता. काकूंच्या आवडीचं गाणं नुसतं वाजवत गेले. गायला कोणी नव्हतं. जाड तारेची पाळी आली की तेवढी काच बोलायची आणि पुन्हा गप्प व्हायची.

फोन वाजला. सलूनवाला होता.

"काका, सिस्टरचं तोंड उतरलंय. रागावलात का?"

"नाही रे. सांग तिला, फार उपकार झाले म्हणावं."

"उपकार कसले?" तो बुचकळ्यात पडला. "मग येताय ना पुढच्या वेळी?"

"येईन. ऐकायला येईन."

"आणि गिटार?"

"ती घरी बरी."

बोलता बोलता काकांचा अंगठा जाड तारेवरून सहज फिरला होता.

"काका, मागे कसला आवाज येतोय? कोणी आलंय का?"

काकांनी कपाटाकडे पाहिलं. घडी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती.

"कोणी नाही," ते म्हणाले. "कपाट आहे. त्याचे दात वाजतात."